पायबंद

‘पायबंद’ हा शब्द हल्ली आपल्याला वर्तमानपत्रातच भेटतो. महागाईला पायबंद, अपघातांना पायबंद, बेशिस्तीला पायबंद. मूळचा पायबंद मात्र एक साधा दोर होता. घोडा ठाणावर बांधताना त्याच्या मागच्या पायांत तो अडकवीत, म्हणजे जनावराला लाथा झाडता येत नसत आणि जागाही सोडता येत नसे. तीस वर्षे शाळेत इतिहास शिकवताना हा दोर मी कित्येकदा फळ्यावर काढून दाखवला आहे. मुलांना लढायांच्या सनावळ्यांपेक्षा असल्या गोष्टींची गोडी अधिक, असा माझा अनुभव आहे. परंतु माणूस आपल्या हौसेने, पदरचे पैसे मोजून, स्वतःच्याच दोन्ही पायांत पायबंद घालून घेतो आणि मग डोंगरावरून वाऱ्यासारखा सुटतो, हे दृश्य पाहण्याचा योग पेन्शनीत निघाल्यावरच आला.

तो आणला माझ्या भाचीने. पोरगी पुण्यात नोकरी करते आणि वर्षभर साठवलेली रजा फेब्रुवारीत गुलमर्गच्या बर्फावर उधळते. तिचे वेड म्हणजे स्नोबोर्ड. स्कीच्या दोन पट्ट्या दोन पायांना असतात हे आपण चित्रांत पाहिलेले असते. स्नोबोर्ड ही एकच रुंद फळी. तिच्यावर आडवे उभे राहायचे, दोन्ही पाय फळीला बांधायचे आणि उतारावरून घसरत यायचे. पाय फळीला धरून ठेवणारी जी चौकट असते तिला बाइंडिंग म्हणतात. भाचीने जेव्हा पहिल्यांदा ते मला दाखवले, तेव्हा माझ्या तोंडून आपोआप शब्द निघाला, “अगं, हा तर पायबंद!” ती हसली आणि म्हणाली, “मामा, तू एकदा चलच. तू खाली बसून चहा पी. मी वरून खाली येते ते बघ.”

माझ्या बहिणीला हे वेड मुळीच पसंत नव्हते. निघताना तिने मला बाजूला घेऊन सांगितले, “दादा, तुझं ती ऐकते. तिच्या ह्या खुळाला काही पायबंद घाल.” शब्द तिचाच. मी मान हलवली आणि गाडीत बसलो.

गुलमर्ग समुद्रसपाटीपासून सुमारे ८,७०० फुटांवर आहे. तिथून तारेवरून चालणाऱ्या पाळण्यांतून वर जाता येते. पाळण्यांचा पहिला टप्पा १९९८ मध्ये सुरू झाला आणि दुसरा २००५ मध्ये. दुसरा टप्पा अफरवत शिखराच्या खांद्यापर्यंत, सुमारे १३,००० फुटांवर नेऊन सोडतो. तिथून खाली कोठे गवताची कुरणे, कोठे देवदाराची गर्द झाडी. हिवाळ्यात सगळ्यांवर एकच पांढरी चादर. भाची सकाळी वर गेली ती अकराला खाली यायची होती. साडेबारा वाजले. चहाचे चार पेले झाले. दीड वाजला, तेव्हा झाडीच्या कडेने एक आकृती फळी बगलेत मारून, कमरेइतक्या बर्फात पाय उपसत येताना दिसली. मनगट सुजले होते, ओठ निळे पडले होते, आणि चेहऱ्यावर राग होता.

“पट्टी तुटली,” एवढेच ती म्हणाली.

फळी आणि बाइंडिंग दोन्ही भाड्याने घेतलेली होती. पुढच्या पायाच्या घोट्यावरून जाणारी वीतभर लांबीची प्लास्टिकची दातेरी पट्टी वळणावरच मधोमध मोडली होती. पुढचा पाय सुटला, मागचा बांधलेलाच राहिला, ती हातांवर आपटली. पुढचा सगळा उतार तिने अर्धा बसून घसरत आणि अर्धा चालत पार केला. मी ती तुटकी पट्टी हातात घेतली. कडेला बारीक पांढऱ्या रेघा उमटल्या होत्या. म्हणजे ती आज मोडली असली तरी तडे बरेच दिवस जात होते. पाहणारा कोणी नव्हता.

संध्याकाळी मुक्कामाच्या जागी बुखारीभोवती बरीच मंडळी जमली. बुखारी म्हणजे लाकडे जाळायची काश्मिरी शेगडी. तिच्याभोवती माणसे आपोआप बोलकी होतात. तुटकी पट्टी हातोहात फिरली आणि प्रत्येकाला मत फुटले. मुंबईचा एक तरुण म्हणाला, “पट्ट्यांची बाइंडिंग आता जुनी झाली. नुसता बूट टेकवला की खट् करून बसतात, ती घ्या.” एक काश्मिरी शिक्षक शांतपणे म्हणाला, “ती बर्फ भरल्यावर बसत नाहीत. पट्टी तुटली तर मी तारेने बांधून खाली येईन. तुमचं ते खट् बिघडलं तर काय बांधू?” तिसऱ्याने छातीवर हात ठेवून सांगितले की, त्याचे बाइंडिंग दहा वर्षे झाली तरी नव्यासारखे आहे. चौथ्याने अमुक कंपनीचा माल लोखंडासारखा, तमुकचा पापडासारखा, असा निवाडा दिला. तासाभरात माझ्याजवळ दहा साक्षी जमा झाल्या आणि त्यांतल्या कोणत्याही दोन एकमेकींशी जुळेनात.

इतिहासाच्या मास्तराला ही परिस्थिती नवीन नाही. इतिहासाचार्य राजवाड्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला, तेव्हापासून आपल्याकडे हाच वाद आहे. बखरकार रंगवून सांगतो. त्याच्या सांगण्यात जीव असतो, पण तारखा चुकतात आणि आपला धनी तेवढा शूर ठरतो. अस्सल कागद रुक्ष असतो, पण तो त्या दिवशीचा असतो. बुखारीभोवतीची मते म्हणजे सगळ्या बखरी, आणि माझ्या हातातली तुटकी पट्टी हा अस्सल कागद. दोन्ही एकमेकांवर ताडून पाहावीत असे ठरवून मी घरी आल्यावर ह्या वस्तूचा इतिहास शोधू लागलो. तो मला वाटला त्याहून पुष्कळ जुना आणि माणसाळलेला निघाला.

*

बर्फावर लाकडी पट्ट्यांनी चालण्याची विद्या हजारो वर्षांची आहे. उत्तरेकडच्या लोकांनी ती शिकारीसाठी आणि प्रवासासाठी साधली. पाय अडकवायला पुढे चामड्याचा एक वेढा असे, बस्स. सपाटीवर चालायला तो पुरे. पण उतारावर वळायचे म्हटले किंवा उडी मारायची म्हटली की टाच मोकळी राही आणि पट्टी पायातून निसटे.

नॉर्वेतील टेलेमार्क प्रांतात मॉर्गेदाल नावाचे खेडे आहे. तिथे १८२५ साली सोंद्रे नोरहाइम नावाचा एक गरीब कूळ-शेतकरी जन्मला. झाडाच्या लवचिक मुळ्या-फांद्या पिळून त्याने टाचेमागून एक वेढा घेतला. ह्या वेढ्यामुळे पट्टी पायाला चिकटून राहू लागली, तरीही टाच उचलता येई. १८६८ साली क्रिस्तियानिया, म्हणजे आजचे ऑस्लो, येथे शर्यत झाली. बेचाळीस वर्षांचा नोरहाइम राजधानीतल्या तरुणांसमोर असा काही उतरला आणि वळला की, लोक पाहतच राहिले. पुढे १८८४ साली तो पोटासाठी अमेरिकेस गेला आणि १८९७ साली नॉर्थ डाकोटाच्या सपाट माळावर वारला. उताराचा राजा, आणि शेवट सपाटीवर! आधुनिक स्कीच्या पितृत्वाचा मान आज त्याला देतात. त्याचे पहिले श्रेय मात्र पायातल्या त्या पिळलेल्या मुळ्यांचे आहे, असे मला वाटते.

त्यानंतर मुळ्यांची जागा लोखंडाने घेतली. नॉर्वेच्या फ्रिट्स हुइटफेल्टने बोटांच्या दोन्ही बाजूंना लोखंडी कान बसवले. ऑस्ट्रियात लिलियनफेल्ड येथे मथियास झ्दार्स्कीने आल्प्सच्या चढ्या उतारांसाठी धातूची चौकट केली. आणि मग आली ती ‘कंदाहार’. हे नाव वाचून मी थबकलोच. आमच्या गांधारीचे कंदाहार स्वित्झर्लंडच्या बर्फात कसे पोचले? हकिकत अशी. कानपूरला जन्मलेले आणि पुढे हिंदुस्थानचे सरसेनापती झालेले लॉर्ड रॉबर्ट्स ह्यांनी १८८० साली काबूलहून कंदाहारवर कूच केले होते, म्हणून त्यांच्या पदवीत ते गाव आले. त्यांच्या नावाचा चषक १९११ साली स्वित्झर्लंडमध्ये स्कीच्या शर्यतीला लागला. ती शर्यत कंदाहारची आणि पुढे तिच्यावरून बाइंडिंगही कंदाहारचे. हे बाइंडिंग काढणारा गिदो र्‍यूज हा वाजणाऱ्या संगीत-पेट्या बनवणाऱ्या स्विस घराण्यातला. १९३० च्या सुमारास त्याने टाचेमागून स्प्रिंगची पोलादी तार घेतली. चालताना तार वर ठेवायची, उतरताना बाजूच्या आकड्यांखाली दाबायची, की टाच घट्ट बसे.

आणि इथेच नवा प्रश्न उभा राहिला. टाच घट्ट बसली तेव्हा स्वार पडला तरी पट्टी सुटेना. लांब पट्टी बर्फात अडकून पिळली जाई आणि तिच्याबरोबर पायाचे हाड पिळले जाई. घोडेस्वाराला हे भय फार जुने आहे. रिकिबीत पाऊल पार आत घालू नये, पुढचा चवडाच टेकवावा, असे शिकवतात. कारण घोडा उधळला आणि पाय अडकला, तर स्वार फरपटत जातो. बर्फावरच्या स्वाराला ही अक्कल हाडे मोडून आली. मूळचा नॉर्वेचा, पण अमेरिकेत ओरेगॉनला स्थायिक झालेला ह्यालमार ह्वाम हा पट्टीचा स्कीपटू होता. १९३७ साली माउंट हूडवर त्याचा पाय मोडला. इस्पितळात भुलीतून जागा होताहोताच त्याला युक्ती सुचली, अशी कथा आहे: बोटांकडचा भाग असा करावा की, पाय पिळला जाताच तो आपोआप फिरून सुटेल. पुढे फ्रान्समध्ये १९५० साली ‘लुक’ने आणि जर्मनीत १९५२ साली ‘मार्कर’ने सुटणारी बाइंडिंग आणली, आणि आज उतारावरच्या स्कीचे बाइंडिंग सहसा स्वाराच्या वजनाप्रमाणे व कसबाप्रमाणे सुटण्याच्या बेताने आवळलेले असते. म्हणजे स्कीच्या बाबतीत चांगले बाइंडिंग तेच, जे वेळेवर सोडते.

*

स्नोबोर्डचा न्याय नेमका उलटा आहे, आणि हे कळेपर्यंत मी भाचीच्या बाइंडिंगला उगाच दोष देत होतो.

ह्या फळीचा जन्म एका बापाच्या गरजेतून झाला. १९६५ सालच्या नाताळात, अमेरिकेतील मिशिगन राज्यातल्या मस्किगन गावी शर्मन पॉपेन ह्या इंजिनियराने घरातल्या मुलींना अंगणात रमवण्यासाठी दोन छोट्या स्की शेजारी-शेजारी जोडल्या. मुली तिच्यावर उभ्या राहून टेकडीवरून घसरू लागल्या. बर्फ आणि समुद्राच्या लाटांवरचा खेळ, ह्या दोन्हींच्या इंग्रजी शब्दांची मोट बांधून त्याच्या बायकोने खेळण्याला ‘स्नर्फर’ नाव दिले. पुढे एका कारखान्याने तो माल बाजारात आणला आणि तो गावोगाव पसरला. स्नर्फरला बाइंडिंग नव्हतेच. टोकाला एक दोरी असे, ती हातात धरायची आणि पाय नुसते टेकवायचे. पडलात तर फळी एकीकडे, तुम्ही दुसरीकडे.

ह्या खेळण्यावर वाढलेल्या मुलांपैकी एक जेक बर्टन कारपेंटर. १९७७ साली त्याने व्हरमाँट राज्यात फळ्या बनवण्याचा धंदा काढला आणि फळीवर पाय अडकवायला रबरी पट्टा बसवला. १९७९ साली मिशिगनच्या स्नर्फर स्पर्धेत तो ही पट्टेवाली फळी घेऊन उतरू लागला, तेव्हा एकच ओरड झाली. पाय बांधून शर्यत खेळणे म्हणजे लबाडी, असा आक्षेप होता. त्या वेळी पॉल ग्रेव्ह्ज ह्या नावाजलेल्या स्नर्फरपटूने आणि इतर काहींनी त्याला खेळू द्यावे असा आग्रह धरला. अखेर एक निराळा खुला गट काढला. त्या गटात कारपेंटर एकटाच होता, तेव्हा पहिला क्रमांकही त्याचाच! पण ह्या गमतीमागचा मुद्दा मोठा आहे. फळीला पाय बांधावेत की नाहीत, हा निकाल कोणा कारखानदाराने दिला नाही, परीक्षकानेही दिला नाही. प्रतिस्पर्धी स्वारांनीच “येऊ द्या त्याला” म्हटले, म्हणून पायबंद आत आला. ह्या कथेतले पॉपेन आणि कारपेंटर हे दोघेही २०१९ साली वारले, काही महिन्यांच्या अंतराने.

पाय बांधल्यावर खरी अडचण समजली. मऊ, ताज्या बर्फात फळी कशीही वळते. घट्ट तुडवलेल्या बर्फात मात्र तिची कड रुतवावी लागते. बोटांकडची कड रुतवणे सोपे. चवड्यांवर झुकले की झाले. टाचेकडची कड रुतवायला चवडे वर उचलावे लागतात, आणि मऊ बुटात घोट्याला तेवढे बळ कोठून येणार? १९८० च्या दशकात जेफ ग्रेल ह्याने ह्यावर उपाय केला. त्याने बाइंडिंगच्या मागे पोटरीपर्यंत उभी पाठ लावली. आता स्वाराने मागे रेलायचे, की पोटरीचा भार पाठीवर, पाठीचा भार फळीवर, आणि टाचेची कड बर्फात. एवढ्या एका पाठीने स्नोबोर्डला अमेरिकेतल्या मोठ्या स्की-डोंगरांचे दरवाजे उघडायला फार मदत केली. तोवर बहुतेक डोंगरांवर ह्या फळीवाल्यांना मज्जाव असे. फळीवर ताबाच नसतो, असे मालक म्हणत, आणि त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. ताबा आला, तशी बंदी उठत गेली. अमेरिकेत आजही तीन डोंगर स्नोबोर्डला दार उघडत नाहीत, पण तो आता रुचीचा हट्ट आहे. १९९८ साली जपानमध्ये नागानोच्या ऑलिंपिकमध्ये ह्या खेळाला मानाचे पान मिळाले.

आता तो उलटा न्याय. स्नोबोर्डचे बाइंडिंग पडल्यावर आपोआप सुटत नाही, आणि सुटूही नये. दोन्ही पाय एकाच फळीवर आहेत. त्यांतला एकच सुटला, तर सगळी फळी दुसऱ्या पायाला लोंबकळणारी तरफ बनते आणि तो पाय पिळून काढते. दोन्ही बांधलेले असले तर दोन्ही मिळून भार वाटून घेतात. म्हणूनच स्कीवाल्यांचे गुडघे जातात आणि फळीवाल्यांची मनगटे, असे डॉक्टर सांगतात. भाचीची पट्टी तुटली तेव्हा नेमकी हीच वाईट अवस्था झाली होती: एक पाय सुटलेला, एक बांधलेला. मनगटावर निभावले हे नशीब. हे वाचले त्या रात्री मला बराच वेळ झोप आली नाही. बहिणीला मी फक्त “जरा पाय घसरला” एवढेच सांगितले होते.

*

बुखारीजवळचा तो मुंबईकर आणि तो काश्मिरी शिक्षक ह्यांचे भांडणही काही नवे नाही, हे मला पुढे कळले. पट्ट्यांच्या बाइंडिंगमध्ये प्रत्येक वेळी बर्फात बसून पट्ट्या आवळाव्या लागतात. खुर्चीतून वर जाताना मागचा पाय मोकळा, वर पोचल्यावर पुन्हा बांधा. बोटे गारठतात. स्कीवाले मित्र खट् करून निघून गेलेले असतात. म्हणून १९९० च्या दशकात बूट टेकवताच बसणारी बाइंडिंग निघाली. त्यांत एक जोडी केटू आणि शिमानो ह्या कंपन्यांनी मिळून काढली. शिमानो म्हणजे सायकलच्या गिअरची ती जपानी कंपनी. सायकलच्या पायट्यात बूट खट् करून बसवण्याची तिची विद्या जुनीच होती. कारखानदारांना वाटले, आता पट्ट्यांचे दिवस संपले.

स्वारांना तसे वाटले नाही. बुटाच्या तळाशी बर्फ दाबून बसे आणि खटका लागेना. बुटाच्या तळव्यात लोखंड, बाजूंना ताठरपणा, चालताना जड. वरून पट्ट्यांचा दाब नसल्याने पायाला फळीची जी जाण असते ती बोथट होई. शिवाय एका कंपनीचा बूट दुसरीच्या बाइंडिंगला चालेना. बूट खराब झाला की दोन्ही बदला. नव्या शतकाच्या पहिल्या काही वर्षांतच बहुतेक खटकेवाली बाइंडिंग दुकानांतून दिसेनाशी झाली. लाखांच्या जाहिराती एका बाजूला आणि गारठलेल्या पायांची कुरकुर दुसऱ्या बाजूला, आणि जिंकली कुरकुर!

पण कुरकुरीचाही शब्द शेवटचा नसतो. बर्टन कंपनीने २०१७ साली पुन्हा खटक्याचे बाइंडिंग आणले. ह्या वेळी जोड तळव्याखाली ठेवला नाही, म्हणजे बर्फ दाबून बसायला जागाच कमी. बोटांच्या दोन बाजूंना दोन आकडे आणि टाचेमागे एक. त्यानंतर निडेकर ह्या स्विस कंपनीने कोणताही साधा बूट चालेल असे, पट्ट्या शाबूत ठेवून पाऊल टाकताच मिटणारे बाइंडिंग काढले. वीस वर्षांपूर्वीच्या स्वारांनी ज्या ज्या तक्रारी केल्या, त्यांची उत्तरे एकेक करून ह्या नव्या यंत्रांत दिसतात. तक्रार वाया जात नाही. ती कोणाच्या तरी टेबलावर पडून राहते. तेव्हा मुंबईकर आजच्यापुरता बरोबर होता आणि शिक्षक त्याच्या तरुणपणापुरता. मात्र शिक्षकाचा एक प्रश्न आजही उरतोच: डोंगरावर बिघडले तर काय बांधू?

राहिला तो दहा वर्षेवाला. त्याची साक्ष मला सगळ्यांत फसवी वाटली, आणि त्याने एक गोष्ट शिकवली. मी त्याला विचारले, “वर्षातून किती दिवस बर्फावर असता?” म्हणाला, “पाच-सहा.” म्हणजे दहा वर्षांचे पन्नास-साठ दिवस. तो काश्मिरी शिक्षक एवढे दिवस एका हिवाळ्यातच काढतो. बाइंडिंगचे वय वर्षांत मोजण्यात अर्थ नाही; दिवसांत मोजावे. आणि केवळ दिवसांतही नाही. जड स्वार, कडक बर्फ आणि उड्या ह्यांनी दिवस मोठा होतो. उलट, माळ्यावर उन्हात पडलेले प्लास्टिक न वापरताही म्हातारे होते आणि थंडीत ठिसूळ बनून अचानक दगा देते. नवी वस्तू आठवड्यापूर्वी घेतलेल्याचे कौतुक टिकाऊपणाबद्दल काहीच सांगत नाही, आणि ज्याची तुटली तो एका तुटीवरून अख्ख्या कंपनीला शाप देतो. स्वारांची मते खोटी नसतात. पण प्रत्येक मतामागे स्वाराचे वजन, त्याचा डोंगर आणि त्याचे दिवस लिहिलेले असले, तरच ते कागदपत्रात जमा करावे.

तोच शिक्षक मला दुसऱ्या दिवशी एका कोपऱ्यात घेऊन गेला आणि त्याने स्वतःच्या जुन्या बाइंडिंगची जोडी माझ्यापुढे ठेवली. तळाची चौकट काचतंतू घातलेल्या नायलॉनची. तिला ओरखडे होते, पण तडा नव्हता. घोट्याची पट्टी दोनदा बदललेली, बोटांवरची तीनदा. आतला मऊ फेस दबून पापड झालेला. “साहेब,” तो म्हणाला, “हा बाप जुनाच आहे, मुलं बदलत असतात.” मग त्याने चकतीतले चार स्क्रू दाखवले. हे ६ मिलिमीटरचे स्क्रू बाइंडिंगला फळीशी धरून ठेवतात. थरथरीने ते ढिले होतात आणि स्वाराला कळतही नाही. तो रोज सकाळी ते आवळतो, पट्टीचे दाते बोटाने चाचपतो, खिशात दोन स्क्रू आणि एक दातेरी पट्टी ठेवतो. सगळ्या चर्चेत मला मिळालेला एकमेव अस्सल कागद तो, आणि तो त्याने शब्दांत लिहिला नव्हता. मी विचारले, “मग कोणती कंपनी चांगली?” तो हसला. म्हणाला, “जिची सुटी पट्टी श्रीनगरात मिळते, ती.”

भाड्याच्या त्या बाइंडिंगला अशी सकाळ कोणी दिली नव्हती, एवढाच काय तो अपघात. फळी नवी होती, नाव मोठे होते, रंग झगझगीत होता. एका पट्टीच्या कडेवरच्या पांढऱ्या रेघा तेवढ्या कोणी वाचल्या नाहीत. राज्येही अशीच जातात, असे वर्गात म्हटले असते तर मुलांनी टाळ्या वाजवल्या असत्या. पण वर्ग सुटला आहे, तेव्हा तो मोह आवरतो.

हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा घरात चकलीचा वास असेल आणि भाऊबीज दोन-चार दिवसांवर आली असेल. बहिणीची ओवाळणी ठरलेली आहे. भाचीसाठी मात्र मी एक चपटी डबी तयार केली आहे. तिच्यात दोन दातेरी पट्ट्या आहेत, चार स्क्रू आहेत, मूठभर मापाचा एक पेचकस आहे आणि स्क्रू ढिला होऊ नये म्हणून लावायच्या डिंकाची छोटी बाटली आहे. झाकणावर मी माझ्या मास्तरी अक्षरात लिहिले आहे: ‘रोज सकाळी. वर जाण्याआधी.’ तिने आता स्वतःची फळी आणि बाइंडिंग घेतले आहे. पट्ट्यांचेच. कोणते घ्यावे ह्याबद्दल मी तिला काहीच सांगितले नाही. फक्त घेण्याआधी सुट्या भागांची चौकशी कर, एवढे म्हटले.

बहीण विचारणार हे नक्की: “दादा, तुला तिला अडवायला सांगितलं होतं ना?” माझे उत्तर तयार आहे. तू पायबंद घालायला सांगितलास, मी चांगला मजबूत पाहून घातला आहे. ती रागावेल, मग डबी उघडून पाहील आणि कोणता स्क्रू कोठे लागतो हे मलाच विचारील. तोवर तिने हा लेख वाचू नये, एवढीच संपादकांना आणि वाचकांना विनंती.